शेंदराखालच्या चार तारा

आंधळगावच्या घरात पाऊल टाकताच भूपेंद्रला आधी वास आला. खवट तेल, ओला कोंडा, उंदरांची घाण आणि या सगळ्यांवर बसलेला अगरबत्तीचा गोडसर थर. त्याने खिशातून रुमाल काढून नाकाशी नेला. पण दारात उभी असलेली वहिनी पाहते आहे हे ध्यानात येताच कपाळावरचा घाम टिपल्यासारखे करून तो परत ठेवून दिला.

वस्तू मधल्या खोलीच्या कोपऱ्यात होती. वखराचे लोखंडी पाते, दोन विळे, धान मोजायची पायली आणि दांडी मोडलेला तराजू यांच्या रांगेत ती भिंतीला टेकून उभी होती. परक्या माणसाला ही गिटार आहे हे सांगूनही पटले नसते. पोटापासून मानेपर्यंत शेंदराचे बोटभर जाडीचे कवच, वर्षानुवर्षे तेलात कालवून थापलेले, आता काळपट पडलेले. कवचाला भेगा गेल्या होत्या आणि भेगांतून मुंग्यांची ये-जा चालू होती. तेलाचा एक ओघळ खाली जमिनीपर्यंत उतरून तिथे चिकट थारोळे झाले होते. त्यात एक झुरळ उताणे पडले होते. त्याचे पाय अजून हलत होते.

त्याला बोलावले होते तृप्तीने, म्हणजे पुतण्या मनिषच्या बायकोने. पावसाळ्याआधी घरात टाइल्स बसवायच्या होत्या आणि त्या कोपऱ्याशी येऊन काम अडणार होते. फोनवर ती म्हणाली होती, "काकाजी, ते तुमची वस्तू आहे म्हणतेत. घेऊन जा न. मले तिच्याजवळ झाडू मारतानी अंगावर काटा येते." भूपेंद्रला ही सून तेव्हापासूनच आवडली होती.

बेबीबाईने, त्याच्या वहिनीने, मात्र सहजासहजी हो म्हटले नव्हते. भूपेंद्र सात वर्षांचा असताना आई गेली, आणि त्याच वर्षी लग्न होऊन आलेल्या या बाईने त्याला न्हाऊमाखू घालून वाढवले. तिच्याशी तो आजही वर मान करून बोलत नसे. टाइल्सची धूळ देवावर बसेल एवढ्याच एका कारणासाठी ती राजी झाली होती.

"घेऊन जा, बाबू," ती म्हणाली, "पन दसऱ्याले परत आन. पुसू नोको, धुऊ नोको. जशी हाये तशी आन."

त्याने मान हलवली. हो म्हणताना तोंड उघडावे लागले असते, आणि त्या खोलीतली हवा त्याला तोंडाने घ्यायची नव्हती.

हा देव घडला कसा, ते भूपेंद्रला ठाऊक होते, कारण सुरुवात त्याच्याचपासून झाली होती. भंडाऱ्याच्या एका ऑर्केस्ट्रात तो सहा वर्षे बेस, म्हणजे गाण्याखाली खर्जात चालणारी चार तारांची गिटार, वाजवत असे. गिटार जपानी बनावटीची, कलकत्त्याहून जुनीच आणलेली, वयाने त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरली की कार्यक्रमांना उसंत नसे. मग एका हिवाळ्यात साकोलीजवळच्या एका गावी, ऐन गाण्यात, पहिल्या रांगेतल्या कोणीतरी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पिंक टाकली. ती थेट गिटारवर आली, तारांवरून ओघळली आणि त्याच्या बोटांना लागली. कोमट होती. साथीदार हसले. त्याने गाणे पुरे केले, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि दुसऱ्या दिवशी गिटार भावाच्या घरी टाकून आला. महिन्याभरात सरकारी नोकरीचे पत्र आले. त्या पत्रामुळे आपण वाजवणे सोडले, असे तो पुढे सगळ्यांना सांगत राहिला.

पुढच्या दसऱ्याला घरातली अवजारे पूजेला मांडताना गोमाजीने, त्याच्या मोठ्या भावाने, गिटारही रांगेत ठेवली. माणूस ज्याच्यावर पोट भरतो त्याला त्या दिवशी हळदकुंकू लावायचे, आणि धाकट्याने तर सहा वर्षे तिच्यावरच पोट भरले होते. पुढे गोमाजीला मेंदूचा ताप चढला. एकवीस दिवस तो दवाखान्यात बेशुद्ध होता. बेबीबाई घरी आली ती पूजेच्या रांगेसमोर बसली आणि त्या रांगेत जे सर्वांत उंच उभे होते त्याला नवस बोलली. गोमाजी चालत घरी आला. त्या दिवशी गिटारला पहिला शेंदूर लागला. त्यानंतर प्रत्येक दसऱ्याला एक थर.

भूपेंद्रने ती युरियाच्या रिकाम्या पोत्यात घातली, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधूनच घातली, आणि भंडाऱ्याची एसटी पकडली. उन्हाने तेल पाझरू लागले. पोत्याच्या तोंडातून मानेचा शेंदरी शेंडा बाहेर डोकावत होता. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने तो पाहिला, कोणता देव आहे हे न विचारता त्याला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावून बोटांवरचा चिकटा पदराला पुसला. भूपेंद्र तोंड फिरवून खिडकीकडे पाहत राहिला. त्याला त्या बाईची किळस आली, आणि आपल्याला एका म्हाताऱ्या बाईची किळस येते याचीही आली.

घरी रिताने, त्याच्या बायकोने, पोते उंबऱ्याबाहेरच अडवले. तिचे म्हणणे थोडक्यात होते: ज्या घरात वास येतो त्या घरात ती स्वयंपाक करणार नाही. गिटार मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी, पत्र्याखाली गेली. भूपेंद्रही त्या बाजूला फिरकेनासा झाला. दसऱ्याला परत नेऊन द्यायची एवढाच त्याचा बेत होता, आणि तो बेत प्रामाणिक होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात उकाड्याने शेंदराचा एक पोपडा आपोआप सुटून पडला. कपडे वाळत घालायला गेलेल्या रिताने हाक मारली. तिला वाटले, काहीतरी मेले आहे. भूपेंद्र गेला. पोपडा तळव्याएवढा होता. तो पडला तिथे एक काळी गोल कळ उघडी झाली होती, आवाज कमी-जास्त करायची. तिच्या कडेवर एक खाच होती. सातव्या का आठव्या कार्यक्रमात ती स्टँडवर आपटून पडली होती. त्याला आपटल्याचा आवाजही आठवला.

तेवढी एक कळ पुसावी, असे त्याच्या मनात आले. ऑफिसमधून आणलेली एक पोलादी पट्टी घरात होती. कळीभोवतीचा शेंदूर खरवडला, तेव्हा शेजारचे पितळी आवरण दिसू लागले. मग ते.

त्यानंतर पंधरा दिवस तो संध्याकाळी ऑफिसातून येऊन मागच्या अंगणात बसत असे. नाकातोंडावर करोनाच्या वेळचा मास्क, हातात रबरी मोजे, शेजारी रॉकेलची वाटी आणि डेटॉलची बादली. सरकारी कार्यालयात तीस वर्षे काढलेल्या, दुसऱ्याने थुंकी लावून उलटलेल्या फायलीला हात लावल्यावर साबण शोधणाऱ्या माणसाने हे काम पत्करावे याचे रितालाही नवल वाटले. त्याला स्वतःला ते नवल वाटायला उसंत नव्हती. पट्टीखाली एकेक वर्ष सोलून निघत होते. एका थरात उंदराचे केस अडकले होते, एकात तांदळाचे दाणे, आणि त्या दाण्यांतून पोखरत गेलेल्या किड्यांची सुकलेली टरफले. एका थराखाली पालीचे अंडे फुटून चिकटले होते. त्या दिवशी तो पट्टी टाकून मोरीकडे धावला आणि दुपारचे सगळे ओकून आला. तोंड धुऊन तो परत त्याच जागी बसला.

मानेच्या मुळाशी, फार आतल्या थरात, एका बोटाचा ठसा सापडला. अंगठ्याचा असावा. शेंदूर ओला असताना दाबून लावलेला, रेषान् रेषा शाबूत. तो गोमाजीच्या आजारपणाच्या आसपासचा असणार. भूपेंद्रने पट्टी थोडा वेळ हातात धरून ठेवली. मग त्याने तो ठसाही खरवडला, कारण त्याच्याखाली लाकूड होते.

खरवडलेला सगळा चुरा तीन पिशव्यांत भरला. सकाळी घंटागाडी आली तेव्हा गाडीवाल्याने नेहमीप्रमाणे विचारले, ओला का सुका. भूपेंद्रने क्षणभर विचार करून सुका म्हटले.

लाकूड वाचले होते. इतक्या वर्षांच्या तेलाने मानेला तडा जाऊ दिला नव्हता, आणि पोटावरचा रंग, कडेला काळा नि मध्ये मधासारखा, नुसता थोडा पिवळटला होता. चारही तारा मात्र गंजून गेल्या होत्या. हात लावताच त्यांचा लाल भुगा बोटांना चिकटला. नव्या तारा नागपूरहून आल्या. आतल्या तुटलेल्या वायरी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने डाग देऊन जोडल्या. कॉलनीच्या गणपतीसाठी घेतलेला चाकांचा मोठा स्पीकर वर्षातले साडेअकरा महिने भूपेंद्रच्याच घरी पडून असे. एका रविवारी दुपारी त्याने तो पुसला, वायर लावली, पट्टा खांद्यावर घेतला आणि सर्वांत जाड तार अंगठ्याने सोडली.

आवाज कानाला ऐकू येण्याआधी पोटाला लागला. ज्या पोटात पंधरा दिवस मळमळीशिवाय काही नव्हते, तिथे काहीतरी गोल, उबदार नि जड येऊन बसले. फरशीतून तो आवाज तळपायांत शिरला. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे स्टीलचे डबे बारीक किणकिणले आणि थांबले. भूपेंद्रने दुसरी तार सोडली, तिसरी सोडली. बोटे मऊ पडली होती. दहा मिनिटांत टोकांना फोड आले. पण डाव्या हाताला सगळे ठाऊक होते. कुठून कुठे सरकायचे, कुठे तार दाबून मुकी करायची, कुठे एक ठोका सोडून द्यायचा, हे त्या हाताने त्याला न विचारता केले. आपल्या देहात एक माणूस इतकी वर्षे जागा बसून होता आणि आपण त्याला एकदाही हाक मारली नाही, असे त्याला वाटले. तो हसत होता. ते रिताने पाहिले म्हणून त्याला कळले.

"डबे वाजून राहिले," ती म्हणाली. मग आत जाऊन तिने डब्यांमध्ये कागद खोचले.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. तो ऑफिसातून येई, चहा घेई आणि रोज तासभर वाजवी. बोटांना घट्टे पडले. जुनी गाणी लावून त्यांच्याखाली तो आपली चाल धरत असे. कधी नुसत्या पंख्याच्या घरघरीवर, कधी शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या ठोक्यावर. छप्पन वर्षांच्या आयुष्यात इतकी साधी गोष्ट इतका आनंद देते, याची त्याला थोडी लाजच वाटे. दसऱ्याचा विचार मनात आला की तो आवाज वाढवी.

सप्टेंबरच्या मध्यात मनिषचा फोन आला. गोमाजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता; एका डोळ्याचे ऑपरेशन भंडाऱ्याला ठरले. आई-बाबा आदल्या दिवशी तुमच्याकडे येतील, असे मनिषने सांगितले. भूपेंद्रने या म्हटले. गिटार कपाटात लपवावी असे त्याच्या मनात येऊन गेले, त्यासाठी त्याने कपाट उघडूनही पाहिले. मग स्वतःचाच तिटकारा येऊन ते बंद केले.

ती दोघे सकाळच्या एसटीने आली. बेबीबाईच्या पिशवीत नारळ, शेंदराची पुडी आणि तेलाची बाटली होती. ऑपरेशनच्या आधी एक थर चढवायचा, असे ती घरून ठरवून आली होती. पाणी पिण्याआधीच तिने देव कुठे ठेवला म्हणून विचारले. भूपेंद्र काही बोलण्याआधी तिची नजर दिवाणाकडे गेली. दिवाणावर गिटार होती, पुसलेली, चकाकणारी.

बेबीबाई जवळ गेली नाही. तिचा चेहरा हळूहळू आक्रसला, ओठ आत गेले, आणि तिने पदर नाकाला लावला. भूपेंद्रने तो चेहरा ओळखला. कोपऱ्यातल्या त्या ढेपेसमोर उभे असताना स्वतःचा चेहरा असाच झाला असणार, हे त्याला लख्ख कळले.

"सोलून काढला," ती म्हणाली. "बकऱ्यावानी सोलून काढला तू त्याले."

भूपेंद्रने लाकूड सडले असते, किडे लागले होते, असे काहीबाही सांगायचा प्रयत्न केला. तिने ते ऐकले नाही.

"माहा शेंदूर कोठी हाये?"

वैनगंगेत सोडला, हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार होते. देवाचा शेंदूर सुटला की नदीत सोडतात, हे त्यालाही ठाऊक होते. तिने ते उत्तर मानलेही असते. पण तिच्याशी खोटे बोलायची सवय त्याला कधी लागली नव्हती.

"घंटागाडीत टाकला, वयनी."

गोमाजीने खाली मान घातली. रिताने पुढे केलेला पाण्याचा तांब्या बेबीबाईने हाताने बाजूला सारला. या घरचे पाणी माझ्या नरड्याखाली उतरणार नाही, असे ती अगदी शांतपणे म्हणाली, आणि गोमाजीला चला म्हणून उठली. ज्याच्या भरवशावर नवरा परत मिळाला तो कचऱ्यात, आणि उद्या त्याच नवऱ्याच्या डोळ्यात सुरी घालायची, हे तिच्याने होणार नव्हते. डोळे गेले तरी चालतील. गोमाजीने डॉक्टरची तारीख पुन्हा मिळायची नाही असे पुटपुटून पाहिले. पिकलेला मोतीबिंदू तसाच राहिला तर डोळा हातचा जाईल, हे डॉक्टरने त्याला बजावले होते.

"मी काय करू, वयनी?" भूपेंद्रने विचारले.

"एक तर त्याले आज शेंदूर लावून दे. मी घरी नेईन. नाई त माहा देव जठी टाकला तठी मले ने."

भूपेंद्रने गिटारकडे पाहिले. पुडी पिशवीत होती, तेल पिशवीत होते. अर्ध्या तासाचे काम. तारांवर शेंदूर, कळींत तेल, आणि मग पुन्हा तो कोपरा. भावाच्या डोळ्यापुढे एका वाद्याची काय किंमत, असे कोणीही म्हटले असते. त्याने स्वतःलाही तसे म्हणून पाहिले.

"चला," तो म्हणाला. "नेतो."

गोमाजीला रितापाशी ठेवून दोघे निघाले. शहराचा कचरा टाकतात ती जागा गावाबाहेर दूर होती. ऑटोवाल्याने पाव मैल अलीकडेच ऑटो थांबवला आणि मी इथेच उभा राहतो म्हणाला. वास तिथपर्यंत आला होता. आंबट, कुजकट, मध्येच जळक्या प्लास्टिकचा. भूपेंद्रने रुमाल तोंडाला बांधला, तरी तो वास जिभेवर चव होऊन बसला. पावसाने सगळे भिजून फुगले होते. पायाखाली जमीन नव्हतीच. काहीतरी दबत होते, पचकत होते, वर काळे पाणी येत होते. एक डुकरीण पिलांसह काहीतरी ओढत होती. ते काय आहे हे त्याने पाहिले नाही. माश्या तोंडावर बसत होत्या आणि हाकलल्या तरी उठत नव्हत्या.

ढिगाच्या कडेला एक बाई लोखंडी आकड्याने कचरा उपसत प्लास्टिक वेचत होती. तिने दोघांना येताना पाहिले.

"काय हारपलं, बाई?"

"देव," बेबीबाई म्हणाली.

बाईला यात काही विशेष वाटलेले दिसले नाही. तिने कोणत्या महिन्यात टाकला ते विचारले. भूपेंद्रने जून सांगितले.

"मंग तो खाली गेला," तिने आकड्याने ढिगाच्या पोटाकडे दाखवले. "जूनच्या वर जुलै पडला, त्याच्या वर गनपती पडले. तठीवरी आता कोनी पोचत नाई."

बेबीबाईने ढिगाकडे पाहिले. ती आता रडेल किंवा आपल्याला बोलेल, असे भूपेंद्रला वाटले. तिने वाकून पायांतल्या चपला काढल्या. "वयनी, काच असते," तो म्हणाला, पण ती अनवाणीच चार पावले पुढे गेली, त्या पचपचीत काळ्या चिखलात, आणि पिशवीतून पुडी काढून तिने शेंदराची चिमूट ढिगावर टाकली. एका फुटक्या कमोडच्या तुकड्यावर तिने अगरबत्ती खोचली. डोके टेकायला कोरडी जागा नव्हती म्हणून हात टेकून तो हात कपाळाला लावला. ती काय पुटपुटली ते त्याला ऐकू आले नाही. गोमाजीचे नाव दोनदा आले. मग सिमेंटच्या ढेकळावर तिने नारळ फोडला. पाणी ढिगात गेले.

खोबरे तिने बोटांनीच काढले. त्याच बोटांनी. पहिला तुकडा ढिगावर ठेवला, दुसरा वेचणाऱ्या बाईला दिला. त्या बाईने तो लगेच तोंडात टाकला आणि चावता चावता ती परत कामाला लागली. तिसरा तुकडा बेबीबाईने भूपेंद्रपुढे धरला. खोबऱ्याच्या पांढऱ्या कडेवर तिच्या अंगठ्याचा काळा-शेंदरी डाग होता. त्यावर एक माशी बसली आणि उडाली.

"खा, बाबू."

ती रागावलेली नव्हती. ती फक्त पाहत होती. लहानपणी औषधाचा चमचा पुढे धरून ती अशीच थांबत असे, कितीही वेळ. त्याने रुमाल सोडला. हे आपण भावाच्या डोळ्यासाठी खातो आहोत की गिटारसाठी, हा प्रश्न त्याच्या मनात आला, आणि खरे उत्तरही त्याच वेळी आले. त्या उत्तराची त्याला आली तेवढी शिसारी समोरच्या तुकड्याचीही आली नव्हती. त्याने तुकडा तोंडात घातला. चावला. एकदा सगळे वर आले. त्याने तोंड मिटून ते परत गिळले.

बेबीबाईने चपला पायांत घातल्या.

"आता तो अठीच राहील," ती म्हणाली. "सगळ्या गावचं खाऊन राहील. तुह्या घरी हाये ते आता नुसतं लाकूड. ठेव तुयं तुह्यापाशी."

घरी आल्यावर तिने रिताकडून पाणी मागून घेतले आणि घटाघटा प्यायली. उद्या किती वाजता निघायचे ते गोमाजीला विचारून घेतले. भूपेंद्रने आंघोळ केली, दात घासले, पुन्हा घासले. बाहेर आला तेव्हा गोमाजी दिवाणाच्या कडेला बसून अधू डोळ्यांनी गिटार चाचपत होता. त्याने तारेला नखाने टिचकी मारून पाहिली आणि धाकट्या भावाकडे तोंड वर करून वाजव म्हणाला.

भूपेंद्रने वहिनीकडे पाहिले. ती जमिनीवर बसून पायातला काचेचा कण सुईने काढत होती. त्याने वायर लावली. एक साधी चाल धरली, चार सुरांची, हळू. थोड्या वेळाने सुई थांबली.

"एवढंच?" ती म्हणाली. "याचा गाना कोठी हाये?"

"गाणं दुसऱ्यानं म्हणायचं असते, वयनी. हे खालून चालते."

"म्हन न मंग," गोमाजी बायकोला म्हणाला. "रोवन्याचं म्हन."

"म्हातारपनी काही सुचते तुमाले," ती म्हणाली. सुई पदराला खोचली. मग बांधीतल्या चिखलात वाकून धान रोवताना बाया म्हणतात त्या गाण्यांतले एक तिने सुरू केले, भिंतीकडे पाहत, जराशा फाटक्या आवाजात. तिचा सूर गिटारच्या कोणत्याच पट्टीवर बसत नव्हता, दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लागत होता. भूपेंद्रने तिला थांबवले नाही. ती गात असताना त्याने चारही खुंट्या एकेक करून सैल केल्या, कान लावून, तारा तिच्या सुरापर्यंत खाली आणल्या, आणि मग अंगठा सोडला.

तिने मान वळवली. गाणे सुटले नाही.

"मांगं मांगं ये," ती दोन ओळींच्या मध्ये म्हणाली, "पुढं नोको जाऊ."

तो मागे राहिला. तिच्या श्वासाला थांबत, ती ओढेल तेवढे ओढू देत, तो खालून चालत राहिला, आणि पोटात पुन्हा ते गोल, जड काहीतरी येऊन बसले. खोबऱ्याचा एक कण अजून दाढेत अडकला होता. जीभ तिकडे गेली की सगळे ढवळून वर येत होते. त्याने जीभ आवरली आणि दुसऱ्या कडव्याची वाट पाहिली.